आधी हिशेब की आधी माणूस?

1973 मध्ये फोर्डच्या एका कागदावर गणित मांडलं होतं. गाडी उलटल्यावर पेट्रोल गळून आग लागू नये म्हणून गाडीमागे 11 डॉलर, एकूण 13.7 कोटी. वाचणारे जीव 180, प्रत्येकी 2 लाख. जखमी आणि गाड्या धरून फायदा 4.95 कोटी. म्हणजे परवडत नाही! (हा कागद आगींमुळे गाजलेल्या पिंटो या फोर्डच्या छोट्या गाडीपुरता नव्हता, आणि जिवाचा भाव सरकारी खात्यानेच ठरवलेला.) बेरीज बिनचूक. जो जळणार होता, त्याला मात्र कुणी विचारलं नव्हतं.

1982 मध्ये शिकागोत कुणीतरी टायलेनॉल या वेदनाशामक औषधाच्या कॅप्सूलमध्ये सायनाइड भरलं. 7 जण दगावले. दोष ते बनवणाऱ्या जॉन्सन अँड जॉन्सनचा नव्हता, तरी जेम्स बर्क प्रमुख असलेल्या या कंपनीने देशभरातून सुमारे 3.1 कोटी बाटल्या परत घेतल्या. फटका 10 कोटी डॉलरच्या वर. कंपनीच्या 1943 च्या जाहीरनाम्यात पहिला मान औषध वापरणाऱ्यांचा, भागधारक सगळ्यात शेवटी.

हिशेब मांडणं वाईट नाही, बजेट बसवताना मीही तेच करतो. पण जोखीम एकाच्या अंगावर आणि बचत दुसऱ्याच्या खिशात जात असेल, तर मला बर्क यांचं पारडं जड वाटतं. त्यांना गेलेला बाजार पुढे परत मिळाला, हे खरंच. बाटल्या उचलताना मात्र त्याची हमी नव्हती.