जुन्या बोलेरोला काय घालावं: शॉकअप, कमान की उंची?

साताऱ्याहून यवतेश्वरचा घाट चढून कासच्या रस्त्याला लागलं, की गाडीचं खरं वय मागच्या सीटवरचा माणूस सांगतो. आमची बोलेरो पंधरा वर्षांची. आई एकदा उतरता उतरता म्हणाली, "पुढच्या वेळी मी एसटीनं येते." मग चौकशी सुरू केली. तिघांनी तीन उपाय सांगितले: शॉकअप बदला, पाटा वाढवा, गाडी उंच करा. पण ही एकाच दुखण्याची तीन औषधं नाहीत.

मागच्या बाजूला गाडीचं वजन पेलते कमान, म्हणजे एकावर एक रचलेल्या पोलादी पाट्यांची स्प्रिंग. शॉकअप (शॉक अ‍ॅब्सॉर्बर) फक्त तिची उसळी जिरवतो. त्यामुळे मागून बसलेली गाडी साधे नवे शॉकअप घालून उठत नाही, आणि खड्ड्यानंतर चार झोके घेणारी गाडी पाटा वाढवून शांत होत नाही, नुसती टणक होते. बंपरचा कोपरा जोरात दाबून सोडा. गाडी वर येऊन जागेवर थांबली नाही, किंवा शॉकअपवर तेलाचा ओघळ दिसला, तर शॉकअप गेले. रिकामी गाडी सपाट जागेवरही मागून बसलेली किंवा एका बाजूला झुकलेली दिसली, तर कमानीकडे बघा. नुसता कुईकुई, खडखड आवाज असेल तर आधी बुश (सांध्यातली रबरं) आणि शॅकल (कमानीचं टोक चासीला धरणारी हलती कडी) तपासा. हे सगळ्यात स्वस्त काम, म्हणूनच बहुधा कुणी आपणहून सुचवत नाही.

शॉकअपमध्ये ऑइलचे घ्यायचे की गॅसचे? पोवई नाका ते एमआयडीसी एवढीच धाव असेल तर कंपनीचे ऑइलचे पुरेत. बामणोलीसारख्या वाटेवर मात्र खडबडीत रस्ता बराच वेळ लागला, की तेल तापतं, त्यात फेस होतो आणि शॉकअपचा जोर उतरतो. गॅसच्या शॉकअपमध्ये नायट्रोजनचा दाब तेलाला फेसू देत नाही. मी चारही गॅसचे घातले. रिकाम्या गाडीत, कमी वेगात ते थोडे कडक लागतात, पहिले पंधरा दिवस पस्तावलोसुद्धा. पण चार माणसं आणि सामान भरून घाट उतरताना गाडी डुलायची थांबली, तेव्हा पैसे वसूल वाटले. एका एक्सलचे दोन्ही मात्र एकदमच बदला, एक नवा एक जुना नको.

कमानीचं गणित वेगळं. कोरेगावकडे आल्याची पोती भरून रोज फिरणाऱ्याला पाटा वाढवणं परवडतं. घरच्या गाडीला तोच पाटा शिक्षा, कारण रिकामी गाडी प्रत्येक स्पीडब्रेकरवर उडते. घरच्या वापरासाठी बसलेल्या पाट्यांना कमान मारून घेणं, म्हणजे पुन्हा बाक आणून घेणं बरं. पण पाटे फार थकले असतील तर मारलेली कमान पुन्हा बसते, मग नवा संचच घ्यावा.

घरी काय जमतं? मागचे शॉकअप नक्की जमतात. आदल्या रात्री बोल्टवर गंज सोडवणारा स्प्रे मारून ठेवा, पुढच्या चाकांना दगड लावा, चासी स्टँडवर घ्या. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली शिरू नका. एक्सलखाली दुसरा जॅक हवा, नाहीतर शॉकअप सुटताच एक्सल खाली जाऊन ब्रेकचा पाइप ताणला जातो. आणि सगळ्यात महत्त्वाचं, बुशचे नट शेवटचे आवळायचे ते चाकं जमिनीवर टेकून गाडीचं वजन आल्यावर. अधांतरी आवळले तर रबर कायम पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. माझी पहिली जोडी अशीच गेली. एका गॅरेजात रॅम्पवर लटकत्या चाकांनीच आवळून दिली होती.

पाटे घरी उतरवता येतात, पण दोन माणसं लागतात, आणि कमान मारायला ते दुकानातच न्यावे लागतात. परत बसवताना यू-बोल्ट (कमान एक्सलला आवळणारे) नवेच घाला. पुढची कॉइल स्प्रिंग मात्र घरी सोडू नका. दाबलेली स्प्रिंग निसटली तर हात जातो. जुन्या सफारीला पुढं स्प्रिंगऐवजी पिळ घेणारा दांडा, म्हणजे टॉर्शन बार असतो, तोही जाणत्या माणसाकडंच द्या.

राहिली उंची. स्प्रिंगपाशी स्पेसर (उंची वाढवणारा ठोकळा) घालून गाडी रुबाबदार दिसते, हे खरं. पण वळणावर ती जास्त कलते, मागच्या एक्सलला ताकद नेणाऱ्या प्रॉपेलर शाफ्टचा कोन बिघडतो, आणि मागचा ब्रेक भाराप्रमाणे कमीजास्त करणारा व्हॉल्व्ह असेल तर उंच झालेल्या गाडीला तो रिकामी समजून ब्रेक कमी देतो. वर मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहेच. कंपनीच्या मूळ रचनेत बदल चालणार नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं २०१९ मध्ये स्पष्ट केलंय. माझ्या मते हा पर्याय यादीतच नको.

यू-बोल्ट घातले असतील तर पाचेकशे किलोमीटरनंतर पुन्हा आवळा. पुढच्या आर्मला (चाक धरणाऱ्या दांड्याला) किंवा स्प्रिंगला हात लागला असेल तर अलाइनमेंट करून घ्या. नुसते मागचे शॉकअप बदलले असतील तर तो खर्च वाचला.