चटणीला कोणती मिरची, कुंडीला कोणती

चटणीला एकच मिरची घेऊ नका. उन्हाळा लागला आणि कोल्हापुरात चटणी कुटायची गडबड सुरू झाली, की विचारेल त्याला मी हेच सांगते. तिखटपणा एकीत असतो, रंग दुसरीत.

माझी पहिली पसंती संकेश्वरी जवारी. थंडीत गडहिंग्लजच्या सौद्याला येते. लांब, बारीक, सुरकुतलेली. देठं खुडताना बोटं चुरचुरतात, परतताना घरभर ठसका उठतो. पण रश्श्यात तिचं तिखट चवीला धरून राहतं, नुसतं झोंबत नाही. भाव आंध्रातल्या गुंटूर मिरचीपेक्षा चढा असतो, तरी मी काटकसर दुसरीकडे करते, इथे नाही.

रंगाला मात्र ब्याडगीच. कर्नाटकातल्या हावेरी जिल्ह्यातली ही मिरची, २०११ साली तिला भौगोलिक मानांकन मिळालं. तिच्यातही डब्बी आणि कड्डी असे दोन प्रकार. डब्बी आखूड, फुगीर, बिया जास्त, रंग गर्द. कड्डी लांब आणि जरा तिखट. मी डब्बी घेते. यंदा एका दुकानात ब्याडगी म्हणून गुळगुळीत, चकचकीत सालीची मिरची पुढे केली. ब्याडगीच्या सालीला सुरकुत्या हव्यातच, म्हणून परत केली. दोन किलो संकेश्वरीला एक किलो ब्याडगी धरली की मटणाच्या रश्श्यावर लालभडक कट येतो.

कुंडीत लावायची तर पुसा ज्वाला. दिल्लीच्या पुसा संस्थेचं वाण, गच्चीवरच्या उन्हात भरभरून लागतं. ठेच्याला, तळून मीठ लावायला उत्तम. फक्त बोकड्याकडे, म्हणजे पानं आक्रसून वळायच्या रोगाकडे, लक्ष ठेवा. पानं वरच्या बाजूला वळली तर फुलकिडे, खाली वळली तर कोळी कीड. शेंडा आक्रसायच्या आत निंबोळी अर्क फवारा. लवंगीचंही एखादं रोप असू द्या. आमटीच्या फोडणीला दोन पुरतात.

भूत जोलोकिया हौस म्हणूनच लावा. २००७ साली गिनीजने जगात सर्वांत तिखट म्हणून नोंदवलेली, दहा लाख स्कोव्हिलच्या (तिखटपणा मोजायचं एकक) वरची ही ईशान्येकडची मिरची. बी उगवायला वेळ खातं, फळही उशिरा धरतं. वास फळासारखा गोडसर, लोणच्याच्या बरणीत छान उतरतो. चिरताना हातमोजे घाला आणि आतली पांढरी शीर काढून टाका. खरं तिखट बियांत नसून तिथे असतं.