रक्ताचा थेंबही न काढता 'व्हिटॅमिन डी' मोजून दिलं, 27,498 रुपयांना

रकमेपासूनच सुरुवात करतो, म्हणजे ज्यांना हसायचंय त्यांनी आधीच हसून घ्यावं. तपासणीचे माणशी 499 प्रमाणे दोघांचे 998, आणि सहा महिन्यांच्या 'कोर्स'चे 26,500. एकूण 27,498.

मी सातपूरच्या एका कारखान्यात 31 वर्षं क्वालिटीत काढली. कॅलिब्रेशनचं, म्हणजे माप तपासून घेतल्याचं, स्टिकर नसलेला व्हर्नियर (मोजायचं साधन) कधी हातात धरला नाही; त्यावरून दोन ऑपरेटर अजून माझ्याशी बोलत नाहीत. असा माणूस फसला.

शिबिर इंदिरानगरला आमच्याच सोसायटीत होतं. सेक्रेटरींनी हॉलचं भाडं 1,500 घेतलं आणि ग्रुपवर निरोप टाकला, म्हणून मी निर्धास्त. पांढरा कोट घातलेली मुलगी, लॅपटॉप, त्याला वायर, वायरीच्या टोकाला स्टीलची दांडी. दांडी मिनिटभर मुठीत धरायची, की 38 पानी रिपोर्ट. त्याआधी वय, वजन विचारून झालं होतं, शिवाय "काकू, गुडघे दुखतात का?" (साठीनंतर कोण नाही म्हणतं?)

चष्मा घसरला म्हणून हिने दांडी टेबलावर ठेवली. आणि लॅपटॉपवरची पट्टी सरकतच राहिली. साठ टक्के, सत्तर, नव्वद. मी ते माझ्या डोळ्यांनी पाहिलं! "हे काय, टेबलाचं व्हिटॅमिन मोजताय का?" एवढं तोंडातून निघालं असतं तर पैसे वाचले असते. पण मागे रांग, शेजारचे गृहस्थ आधीच पैसे भरून बसलेले, आणि ती मला 'सर' म्हणत होती. निवृत्त झाल्यापासून मला 'सर' फारसं कुणी म्हणत नाही.

हिचं डी 8.4, माझं 6.1. "सर, हाडं आतून पोकळ होतायत. नाशिकच्या उन्हात आता दम राहिलेला नाही." मे महिन्यात हे ऐकून मी मान डोलावली. पैसे स्कॅन करून दिले, तेही कंपनीच्या नाही, कुणाच्या तरी वैयक्तिक खात्यात. तिथेच थांबा, माझ्यासारखं करू नका. बिल म्हणे व्हॉट्सअ‍ॅपवर येईल.

अगदीच मूर्ख नाही मी. मेहुणीने गेल्या वर्षी न्हाणीघरात पडून खुबा मोडून घेतलाय, आणि डीची कमतरता आपल्याकडे खरोखरच सर्रास आढळते. खऱ्या भीतीवरच धंदा चालतो यांचा.

सात आठवड्यांनी भाचा आला. त्याचं मेडिकल आहे. त्याने कोर्सच्या गोळ्यांची डबी उलटी करून वाचली. दिवसाच्या दोन गोळ्यांत मिळून 10 मायक्रोग्रॅम, म्हणजे 400 युनिट. मोठ्या माणसाची रोजची गरजच 600 युनिट धरतात. खाली बारीक अक्षरात 'औषधी वापरासाठी नाही'. आणि डबी पडली जवळजवळ 2,200 ला. तो काही बोलला नाही, नुसता चहा प्यायला. त्याने मला जास्त लागलं.

मग रीतसर रक्त दिलं. '25 हायड्रॉक्सी व्हिटॅमिन डी' असं तपासणीचं नाव आहे, लिहून ठेवा. दांडी, चिमटा, डोळ्याचा फोटो यातून ते कळत नाही. माझं आलं 31, हिचं 17. साधारण 20 च्या खाली कमतरता समजतात. म्हणजे जिला खरंच औषध हवं होतं, तिचे सात आठवडे वाया गेले. डॉक्टरांनी तिला 60,000 युनिटची गोळी आठवड्यातून एकदा, आठ आठवडे दिली. सगळ्या मिळून तीनशेच्या आत! मला काहीच नको म्हणाले. हे जीवनसत्त्व शरीरात साठून राहतं, अति झालं तर रक्तातलं कॅल्शियम वाढून मूत्रपिंडावर येतं, त्यामुळे तिची गोळी मी उचलून घ्यायची नाही. आणि सकाळी सहाला स्वेटर घालून जॉगिंग ट्रॅकवर फिरण्याचा डीसाठी उपयोग नाही. ऊन हवं ते अकरा ते तीनच्या दरम्यानचं, थोडा वेळ, उघड्या हातांवर. बाल्कनीच्या काचेआडून नाही.

तक्रारीचं ऐका आता. पोलीस ठाण्यात साहेब म्हणाले, "काका, पैसे तुम्हीच दिले ना?" सायबरवाले म्हणाले, माणूस समोर बसला होता, हे ऑनलाइन कसं? औषधांच्या कार्यालयात गेलो तर "हे औषध नाही, अन्न आहे, पलीकडच्या टेबलावर जा." पलीकडचे म्हणाले, गोळीवर परवाना क्रमांक आहे, मशीनचं आमच्याकडे येत नाही. मग मशीनचं कुणाकडे येतं? साहेब जेवायला गेलेत. तीन चकरा, रिक्षाचे 640 वेगळे. अर्जाची पोच मागितली तर शिक्का आतल्या कपाटात, आणि कपाटाची किल्ली रजेवर. सेक्रेटरी म्हणतात, सोसायटीचा संबंध नाही. 1,500 घेताना होता!

ग्राहक हेल्पलाइन 1915 वर नोंद केली आहे. तिथे बिल लागतं. ते व्हॉट्सअ‍ॅपवर अजून आलेलं नाही. आमच्या हॉलमध्ये आणखी नऊ घरांनी कोर्स घेतला, पण लाजेने कुणी बोलत नाही. नाशिकमध्ये कुणाला अशा दांडीवाल्यांकडून छापील बिल मिळालं असेल, तर फोटो पाठवा. नाव झाकून पाठवलं तरी चालेल.