प्लायवूडची भिंत: गॅलरी-तंत्रज्ञ अभ्यासक्रमाचा आठ महिन्यांनंतरचा अनुभव

कलादालने आणि संग्रहालये यांत तंत्रज्ञ म्हणून काम करू इच्छिणाऱ्या कला-विद्यार्थ्यांसाठीचा सहा महिन्यांचा अभ्यासक्रम पूर्ण करून मला आता आठ महिने होत आले. विषयांची यादी, तासिका, प्रमाणपत्र हे सारे माहितीपत्रकात असतेच, त्यामुळे ते येथे पुन्हा लिहीत नाही. मी लिहायला बसले ती गेल्या महिन्यात माझ्या हातून एका भिंतीला पडलेल्या अंगठ्याएवढ्या भोकामुळे.

सुमारे १८ किलो वजनाचे, चौकटीत बसवलेले चित्र लावायचे होते. प्रदर्शनाची मध्यरेषा, म्हणजे सर्व चित्रांचा मध्य ज्या उंचीवर येतो ती रेषा, जमिनीपासून १५० सेंमीवर ठरलेली, चित्राची उंची ८० सेंमी आणि मागच्या दोन्ही कड्या वरच्या कडेपासून १२ सेंमी खाली, म्हणजे हुकांची जागा १७८ सेंमीवर आली. हे गणित अभ्यासक्रमात इतक्या वेळा करून घेतले होते की ते झोपेतही चुकले नसते, आणि चुकले नाहीच. भोक पाडले, त्यात स्क्रू धरून ठेवणारी प्लॅस्टिकची नळी, म्हणजे प्लग बसवला, स्क्रू पिळत आणला, आणि शेवटच्या दोन फेऱ्यांत तो सैल फिरू लागला. हुकाला हाताने ओढ देऊन पाहिली, तेव्हा प्लग, स्क्रू आणि हुक असे तिघेही पांढऱ्या भुकटीसह बाहेर आले. चित्र अजून फोमच्या ठोकळ्यांवर उभे होते, एवढेच नशीब. "भिंत ठोकून ऐकली होतीस का?" माझ्या वरिष्ठ सहकाऱ्याने शांतपणे विचारले. भिंत ठोकून ऐकायची असते हेच माझ्या हातांना माहीत नव्हते, कारण सहा महिने आम्ही ज्या भिंतीवर सराव केला ती अखंड प्लायवूडची होती.

या भिंतीविषयी मी जरा विस्ताराने लिहिणार आहे, त्याला इलाज नाही. १८ मिमी जाडीच्या प्लायवूडमध्ये स्क्रू कुठेही, कसाही आणि कितीही घाईत पिळला तरी तो पकडतो. प्लगची गरज नसते, बिटचा आकार चुकला तरी चालते आणि जुने भोक लांबीने (पुट्टीने) भरून त्याच्या शेजारी दुसरे पाडता येते. प्रत्यक्षात जी भिंत वाट्याला येते ती विटांची असते, काँक्रीटची असते, जुन्या चुन्याच्या गिलाव्याची असते किंवा माझ्या नशिबी आली तशी १२.५ मिमीच्या जिप्सम बोर्डाची असते. या बोर्डामागे ४० किंवा ६० सेंमी अंतरावर धातूचे उभे खांब असतात आणि मधली जागा पोकळ असते. खांब चुंबकाने शोधायचा असतो, कारण बोर्ड बसवताना मारलेल्या स्क्रूंची डोकी रंगाखाली असली तरी चुंबकाला सापडतात. खांब हवा तिथे नसेल, तर बोर्डाच्या मागे जाऊन उघडणारा पोकळ भिंतीचा खास प्लग वापरावा लागतो. विटांच्या भिंतीत ड्रिल अचानक सुळकन आत गेले, तर ते विटेत न जाता सांध्यात गेले आहे असे समजायचे असते. हे सारे आम्हाला एका दुपारी पडद्यावर दाखवले गेले, त्यातही निम्मा वेळ प्रोजेक्टरची केबल शोधण्यात गेला.

दुसरी तक्रार आकाराने लहान आहे, पण पैशांची असल्यामुळे ती मला अधिक झोंबली. शुल्कात हत्यारांच्या संचाचे पैसे धरलेले होते आणि त्या संचातील स्पिरिट लेव्हल, म्हणजे आपली पाणसळ, खोटी होती. पाणसळ टेकवून बुडबुडा पाहायचा, मग तीच पाणसळ त्याच जागी उलटसुलट फिरवून, म्हणजे डावे टोक उजवीकडे नेऊन, पुन्हा पाहायचा. दोन्ही वेळा बुडबुडा सारख्याच जागी आला नाही, तर दोष पाणसळीत असतो. ही युक्ती त्याच अभ्यासक्रमात शिकवली गेली आणि तिच्यामुळेच त्यांच्या संचातील दोष मला कळला, हा विनोद मी कार्यालयात सांगून पाहिला. पाणसळ बदलून मिळाली नाही.

इथवरचा मजकूर मी गेल्या महिन्यात रागाच्या भरात लिहून ठेवला होता. मधल्या काळात एक प्रसंग घडला आणि मला माझे मत काहीसे बदलावे लागले.

अभ्यासक्रमातील सर्वांत कंटाळवाणा भाग म्हणजे स्थिती-अहवाल. कलाकृती हाती आली की तिची अवस्था लिहून काढायची, छायाचित्रे घ्यायची आणि सही करायची. पहिल्या आठवड्यात मी लिहिलेले "चित्र चांगल्या स्थितीत आहे" हे वाक्य बाईंनी लाल शाईने खोडले होते. चांगले म्हणजे काय, कुठे, किती मिलिमीटर, असे तीन प्रश्न त्यांनी समासात लिहिले. मग आम्ही खोलीतले दिवे मालवून, एकच दिवा चित्राच्या बाजूने तिरका धरून तासन्‌तास पृष्ठभाग न्याहाळत असू, कारण तिरक्या प्रकाशात उचललेले पापुद्रे, भेगांचे जाळे आणि कॅनव्हासवरचे फुगवटे सावली टाकतात आणि समोरच्या प्रकाशात लपतात. शेवटी माझ्या वहीत "खालच्या डाव्या कोपऱ्यापासून ४ सेंमी वर, चौकटीच्या कडेलगत ६ मिमी लांब रंग उडाल्याची खूण" अशी वाक्ये येऊ लागली. चित्रकलेची पदवी घेतलेल्या मुलीने हेच करायचे का, असे तेव्हा रोज वाटे.

दोन आठवड्यांपूर्वी उसने आणलेले एक चित्र पेटीतून आले. पेटी रीतीप्रमाणे २४ तास न उघडता ठेवली होती, म्हणजे आतले लाकूड आणि कॅनव्हास दालनाच्या हवेशी हळूहळू जुळवून घेतात. उघडल्यावर चौकटीच्या वरच्या उजव्या कोपऱ्यातला सांधा केसभर सुटलेला दिसला. पट्टी शेजारी धरून छायाचित्र घेतले, दोन ओळी लिहिल्या, पेटीसोबत आलेल्या माणसाची सही घेतली. परतीच्या वेळी मालकाने सांधा आमच्याकडे सुटल्याचे सांगितले, तेव्हा तो कागद पुढे केला आणि चर्चा तिथेच संपली. बाईंच्या लाल शाईची किंमत शुल्कात कुठे धरलेली होती ते मला ठाऊक नाही, पण ती वसूल झाली.

कला-विद्यार्थ्याची खरी अडचण कोणती, हेही त्या वर्गाने अचूक ओळखले होते. आमच्या हातांना दुरुस्तीची खाज असते. एका सहाध्यायाने सरावाच्या चौकटीवरचा सोनेरी रंगाचा टवका स्वतःच्या रंगपेटीतून इतका बेमालूम भरला की आम्ही टाळ्या वाजवल्या, आणि बाईंनी त्याला त्या घटकात शून्य गुण दिले, कारण आमचे काम नोंद घेण्याचे होते, दुरुस्तीचे नव्हे. प्रकाशाबाबतही तेच. कागदावरील कामांना ५० लक्स (लक्स म्हणजे पृष्ठभागावर पडणाऱ्या प्रकाशाचे एकक) आणि तैलचित्रांना साधारण २०० लक्स हे आकडे ऐकून मला चित्रकार म्हणून अपमान वाटला होता. जलरंग अंधारात का दाखवायचे? मग प्रकाशाने होणारी हानी साचत जाते हे गणिताने पटले: ५० लक्सच्या प्रकाशात आठ तास आणि २०० लक्सच्या प्रकाशात दोन तास यांचा हिशेब सारखाच भरतो. पहिल्याच तासाला न्यू यॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात १९६१ साली फ्रेंच चित्रकार मातिसचे "ल बातो" (नौका) हे चित्र ४७ दिवस उलटे टांगलेले होते, ही गोष्ट सांगितली गेली. आम्ही हसलो, आणि लगेच प्रत्येकाला आपापल्या पुठ्ठ्याच्या पाठीवर वरची बाजू दाखवणारा बाण काढायला लावले. तो बाण मी आजही आधी शोधते.

भिंतीबाबत मी संस्थेला दोनदा लिहिले. पहिल्या पत्राला उत्तर आले नाही. दुसऱ्याला आलेल्या उत्तरात म्हटले होते की चांगल्या दालनांत तात्पुरत्या भिंतींच्या जिप्सम बोर्डामागे प्लायवूड बसवलेलेच असते, जेणेकरून कुठेही स्क्रू मारता यावा. हे खरे आहे आणि मी ते मान्य करते. नंतर मी अशा दोन भिंतींवर काम केले आणि ती प्लायवूडची सवय तिथे उपयोगी पडली. परंतु मागे प्लायवूड आहे की पोकळी, हे ठोकून ओळखायला शिकवणे तरी त्यांच्याच हाती होते. त्यासाठी दारामागे एक मीटर रुंदीचा जिप्सम बोर्डाचा तुकडा आणि शेजारी विटांचे चार थर पुरेसे आहेत, असे मी तिसऱ्या पत्रात मापांसह लिहून पाठवले आहे.

प्रवेश घेणाऱ्यांनी शुल्क भरण्यापूर्वी सरावाची भिंत पाहायला मागावी, तिच्यावर दोन ठिकाणी ठोकून पाहावे, आणि संचातील पाणसळ तिथल्या तिथे उलटसुलट फिरवून घ्यावी.