मोतीबिंदूचं ऑपरेशन चांगलं, सुजेच्या वेळची धावपळ त्याहून चांगली, काउंटरचा मात्र वैताग (४ स्टार)

सासूबाईंच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन इथे केलं, डावा डोळा गेल्या वर्षी इथेच झालेला आणि तेव्हा काहीच त्रास नव्हता म्हणून परत इथेच आलो. ऑपरेशनबद्दल फार लिहीत नाही, फेको केलं (बारीक छेदातून मोतीबिंदू काढतात ते), लेन्स घातली, दुपारी चहा बिस्किट देऊन घरी सोडलं, सगळं छान. मला लिहायचंय ते त्यानंतरचं, कारण इथले बाकीचे रिव्ह्यू वाचले तर सगळे "स्टाफ प्रेमळ आहे, एसी चांगला आहे" एवढंच लिहितात आणि डोळा बिघडल्यावर हे लोक कसे वागतात ते कोणीच लिहीत नाही.

तर संध्याकाळपासून आई म्हणायला लागल्या पट्टीखाली खाज येतीय. आम्हाला वाटलं चिकटपट्टीची असेल. सकाळी पट्टी काढायला आलो तर पापण्या एवढ्या टम्म सुजलेल्या की डोळा उघडतच नव्हता आणि सिस्टरनी हलक्या हाताने पापणी वर केली तेव्हा बुबुळाच्या कडेने डोळ्याचा पांढरा भाग पाण्याने फुगून पापणीच्या बाहेर डोकावत होता. ते बघून माझ्या नणंदेला चक्कर यायची बाकी होती. खालच्या काउंटरवरची मुलगी मात्र शांतपणे "ऑपरेशननंतर थोडी सूज येतेच, नंबर आला की बोलावतील" म्हणाली. अहो ही थोडी सूज? एक स्टार इथेच गेला. नशीब, वरच्या मजल्यावरच्या त्या सिस्टरनी नंबर बिंबर न बघता आईंना सरळ आत नेलं.

डॉक्टर मॅडमनी आधी काय केलं असेल तर प्रश्न विचारले. दुखतंय जास्त की खाजतंय जास्त? ताप आहे का? नजर कालपेक्षा कमी झालीय का? आणि मग, "आजी, पहिल्या डोळ्याला पण असंच बाजूला इंजेक्शन दिलं होतं ना?" जुनी फाईल काढून बघितली, हो, तेच. मग बोटं मोजायला लावली, वर बघा खाली बघा करून डोळा किती हलतोय ते बघितलं (बाहेरच्या बाजूला नीट हलत नव्हता), प्रेशर बघितलं, मशीनवर हनुवटी टेकवून आतला भाग तपासला, बी-स्कॅन (डोळ्याची सोनोग्राफी) करून डोळ्याच्या मागे रक्त साठलंय का ते बघितलं आणि रक्त तपासायला पाठवलं. आत पू नाही, बुबुळ स्वच्छ, ताप नाही, नजर चांगली. तेव्हा सांगितलं की हे इन्फेक्शन वाटत नाही, भुलेच्या इंजेक्शनमधल्या औषधाची रिअ‍ॅक्शन आहे.

आम्हाला वाटायचं भूल म्हणजे एकच औषध. तसं नसतं म्हणे. डोळ्याच्या बाजूला जे इंजेक्शन देतात त्यात बधिर करणारी औषधं असतात, लिग्नोकेन वगैरे, आणि त्यात हायलुरोनिडेज नावाचं एक एन्झाइम मिसळतात. त्याने भूल डोळ्याच्या मागच्या मांसात पटकन पसरते आणि औषध कमी लागतं. हे एन्झाइम बऱ्याचदा मेंढा नाहीतर बैलाच्या अवयवातून काढलेलं असतं, त्यामुळे एखाद्याच्या शरीराला ते परकं वाटतं. पहिल्या वेळी शरीर फक्त ओळख करून घेतं, दुसऱ्या वेळी तेच औषध गेलं की चवताळून उठतं. म्हणून डावा डोळा ठणठणीत आणि उजव्याला हे. कधी काही तासांत होतं, कधी दोन-तीन दिवसांनी. मी विचारलंच की मग आधी टेस्ट का नाही करत, तर म्हणाल्या हे फार क्वचित होतं, सरसकट सगळ्यांची टेस्ट करत नाहीत. आणि नुसते थेंब टाकून भूल का नाही दिली? तर आईंना ऐकू कमी येतं, ऑपरेशन चालू असताना "हलू नका, इकडे बघा" सांगून कळलं नाही तर धोका, म्हणून इंजेक्शन. हे मला पटलं.

एक रात्र अ‍ॅडमिट करून घेतलं. स्टेरॉइड चालू केलं, सोबत अँटिबायोटिक पण ठेवलं, कारण इन्फेक्शनचा दहा टक्के जरी संशय असला तरी डोळ्याच्या बाबतीत रिस्क घेत नाही म्हणाल्या. आईंना शुगर आहे आणि स्टेरॉइडने ती वाढते, तर फिजिशियनना बोलावून घेतलं, रात्री पण शुगर चेक केली, हे आम्हाला सांगावं लागलं नाही. सूज उतरली नाही तर सीटी स्कॅन करू असं आधीच सांगून ठेवलं होतं पण त्याची वेळच आली नाही. दुसऱ्या दिवशी पापणी थोडी उघडली आणि मग हळूहळू उतरत गेली. आता आई त्याच डोळ्याने पंचांग वाचतायत. (शेजारच्या काकू गुलाबपाणी घालायला सांगत होत्या, कृपया असलं काही करू नका.)

आता तक्रार. डिस्चार्ज कार्डवर नुसतं "अ‍ॅलर्जिक रिअ‍ॅक्शन" लिहिलेलं. कशाची? पुढे दुसऱ्या हॉस्पिटलला गेलो तर त्यांना काय कळणार? ज्युनिअर डॉक्टर म्हणाले "भुलेची लिहितो". भुलेची नका लिहू ना, उद्या दात काढायला गेल्यावर कोणी लिग्नोकेन द्यायलाच तयार होणार नाही. मागे लागून लागून शेवटी मॅडमकडून हायलुरोनिडेज हे औषधाचं नाव लाल पेनाने फाईलवर आणि कार्डवर लिहून घेतलं. तुम्ही पण घ्या. आणि हे फक्त डोळ्यापुरतं नाही, चेहऱ्यावर फिलर घेतात ना, त्यातले हायलुरोनिक अ‍ॅसिडचे फिलर विरघळवायला पण हेच औषध टोचतात, म्हणजे अशी रिअ‍ॅक्शन आलेल्या तरुण मंडळींनी पण आपलं कार्ड जपून ठेवायला हवं. संमतीपत्रात याबद्दल मराठीत एक ओळ असती तर खाज सुटली तेव्हाच आम्ही रात्री फोन केला असता. इमर्जन्सी नंबर कार्डाच्या मागे आहे, एवढ्या बारीक अक्षरात, तेही डोळ्याच्या हॉस्पिटलात!

बिल: अ‍ॅडमिशनचे वेगळे पैसे लागले, मेडिक्लेमवाल्यांनी दोनदा कागद मागितले, काउंटरवर त्याबद्दल कोणाला धड माहिती नव्हती. डॉक्टर आणि वरच्या सिस्टरना पाचपैकी पाच. पार्किंग नाहीच, पेशंटला दारात उतरवून गाडी मागच्या गल्लीत लावा आणि शनिवारी शक्यतो येऊ नका, कॅम्पचे पेशंट असतात, बसायलाही जागा मिळत नाही.