आठ सिटिंगचे पॅकेज आणि हनुवटीवरचे पाच चौकोन

गेल्या वर्षी ऑक्टोबरमध्ये दिवाळीच्या सवलतीची जाहिरात पाहून मी पुण्यातील एका लेझर केंद्रात हनुवटी, वरचा ओठ आणि जबड्याच्या कडेचे केस काढण्यासाठी आठ सिटिंगचे पॅकेज घेतले. त्यांपैकी तीनच सिटिंग झाली आणि तिसऱ्याने चेहरा भाजला. प्रकरण ग्राहक आयोगापुढे असल्यामुळे केंद्राचे नाव लिहीत नाही; मात्र ज्या पद्धतीने मला फसवले गेले ती सविस्तर लिहीत आहे, कारण तीच पद्धत इतरत्रही वापरली जाते असे चौकशीनंतर लक्षात आले.

मला पीसीओडीचा, म्हणजे संप्रेरकांच्या असंतुलनाचा त्रास आहे, आणि दर शनिवारी थ्रेडिंग करण्यात माझी बारा वर्षे गेली आहेत. हनुवटीवरच्या केसांविषयी बाई सहसा कोणाशी बोलत नाही, हे तेथील काउन्सेलरला पक्के ठाऊक असावे. तिने माझ्यासमोर भिंगाचा आरसा धरला आणि "बघा मॅडम, इथे आहेत, आणि इथेसुद्धा," असे म्हणत बोटाने एकेक केस दाखवला. पाळी नियमित आहे का, कोणत्या गोळ्या सुरू आहेत, उन्हात किती जाणे होते, यांपैकी एकही प्रश्न तिने विचारला नाही. पांढरा कोट घातलेल्या, 'डॉक्टर' म्हणून ओळख करून दिलेल्या एक बाई दोन मिनिटांसाठी आल्या, "स्किन छान आहे" म्हणाल्या आणि निघून गेल्या. मग कागदावर ८४,००० हा आकडा लिहून, तो लाल पेनने खोडून, खाली ४२,००० लिहिण्यात आले. हा दर फक्त संध्याकाळपर्यंत होता आणि केस 'कायमचे' जाणार होते. बिनव्याजी हप्त्यांसाठी माझा फोन मागून घेऊन तिनेच माहिती भरली. मी फक्त ओटीपी सांगितला. ते हप्ते म्हणजे एका वित्त कंपनीकडून माझ्या नावावर काढलेले कर्ज आहे, केंद्राला सगळी रक्कम लगेच मिळाली आहे आणि दरमहा ३,५०० रुपये फेडण्याची जबाबदारी एकट्या माझी आहे, याचा अर्थ मला नंतर कळला.

लेझरचा प्रकाश केसातील काळे रंगद्रव्य शोषून घेते आणि त्या उष्णतेने मुळाला इजा होते. पण त्या वेळी वाढीच्या अवस्थेत असलेलेच केस या तडाख्यात सापडतात. बाकीचे त्या अवस्थेत येईपर्यंत थांबावे लागते, म्हणून चेहऱ्यावर दोन सिटिंगमध्ये साधारण चार ते सहा आठवडे आणि अंगावर त्याहून अधिक अंतर ठेवतात. मला मात्र दर पंधरा दिवसांनी फोन येई. काम झपाट्याने चालले आहे असे मला वाटे; प्रत्यक्षात कार्डावरच्या आठ चौकटी लवकर भरून टाकण्याची ती घाई होती. दुसऱ्या सिटिंगच्या दोन दिवस आधी मी थ्रेडिंग केले होते आणि तसे सांगितलेही होते. केसच मुळातून उपटलेला असेल तर प्रकाश शोषायला आत काही उरत नाही. त्यामुळे आधीचे काही आठवडे वॅक्सिंग, थ्रेडिंग, चिमट्याने उपटणे पूर्ण बंद ठेवायचे असते आणि फक्त ब्लेड चालते. तरीही त्यांनी मशीन फिरवले आणि सही घेतली.

सर्वांत फसवी गोष्ट म्हणजे पहिल्या सिटिंगनंतरची केसगळती. दोन आठवड्यांच्या आत टॉवेलने चेहरा पुसताना केस सुटून येऊ लागले आणि मी हरखून गेले. जळालेला केस असा बाहेर पडतोच, त्यावरून मूळ कायमचे निकामी झाले असे ठरत नाही. त्या आनंदाच्या भरात मी हातांचेही पॅकेज घेणार होते. नवऱ्याच्या कटकटीमुळे ते पैसे वाचले, हे त्याला अजून सांगितलेले नाही.

तिसऱ्या सिटिंगच्या वेळी वेगळीच मुलगी होती. आम्ही दिवाळीच्या सुट्टीत चार दिवस दापोलीला जाऊन नुकतेच परतलो होतो आणि चेहरा चांगलाच रापला होता. रापलेल्या त्वचेत रंगद्रव्य वाढलेले असल्यामुळे ती सहज भाजते, म्हणून अशा वेळी सिटिंग पुढे ढकलायला हवे. "आज पॉवर वाढवली आहे, रिझल्ट मस्त येईल," असे ती म्हणाली. केस जळल्याचा वास, टोचल्यासारखी चमक आणि नंतर काही तास राहणारी लाली हे सगळे अपेक्षितच असते. माझी आग मात्र रात्रभर शमली नाही. सकाळी आरशात पाहिले तेव्हा हनुवटीपासून जबड्यापर्यंत काडेपेटीच्या घासपट्टीएवढे पाच तपकिरी चौकोन, कोपऱ्यांसकट, एका ओळीत उमटलेले होते आणि त्यांतल्या दोन चौकोनांवर फोड आले होते. केंद्राने कोरफड लावायला सांगितली. तिसऱ्या फोनला "तुमचीच स्किन सेन्सिटिव्ह आहे" असे ऐकवले.

त्यानंतर ज्या त्वचाविकारतज्ज्ञांकडे गेले, त्यांनी यंत्र कोणते, तरंगलांबी किती, पॅच टेस्ट (आधी त्वचेच्या छोट्या भागावर करायची चाचणी) झाली होती का, असे विचारले. माझ्या कार्डावर तारीख आणि सहीपलीकडे काहीच नव्हते. डागांचा आकार आणि मशीनचे मी केलेले वर्णन यांवरून त्यांनी सांगितले की हे बहुधा लेझर नसून आयपीएल, म्हणजे तीव्र प्रकाशाचे झोत सोडणारे यंत्र आहे (क्रिकेटचे नव्हे). लेझरला ठरावीक तरंगलांबी असते: अलेक्झांड्राइट ७५५ नॅनोमीटर, डायोड साधारण ८१०, एनडी-याग १०६४. लांबी जितकी जास्त तितका प्रकाश खोल जातो आणि वरच्या त्वचेत कमी शोषला जातो, म्हणून आपल्या गव्हाळ-सावळ्या वर्णाला एनडी-याग सर्वांत सुरक्षित मानतात, डायोडही जपून वापरता येतो. आयपीएलमध्ये साधारण ५०० ते १,२०० नॅनोमीटरचा मिश्र प्रकाश असतो. ते यंत्र खोटे नाही, पण ते लेझर म्हणून विकणे ही शुद्ध लबाडी आहे.

'कायमचे' या शब्दावर डॉक्टर हसल्या. अमेरिकेचे औषध प्रशासनसुद्धा अशा यंत्रांना केस कायमचे 'कमी' करण्यापुरतीच मान्यता देते. पांढऱ्या केसांवर लेझरचा परिणामच होत नाही, म्हणजे काउन्सेलरने आरशात मोजून दाखवलेल्या केसांतील तीन केस जाणारच नव्हते. पीसीओडी असताना संप्रेरकांमुळे नवे केस येत राहतात, अधूनमधून सिटिंग चालू ठेवावे लागते आणि क्वचित चेहऱ्यावर केस कमी होण्याऐवजी उलट वाढतातही. या सगळ्या प्रकरणात माझ्या पाळीविषयी प्रथमच कोणीतरी विचारले होते.

पैसे परत मागितल्यावर केंद्राने 'परतावा मिळणार नाही' या कलमाखालची माझी सही दाखवली. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार सदोष सेवेचे पैसे परत न करणे ही अनुचित व्यापारी प्रथा ठरते, छापील कलमाने तो प्रश्न मिटत नाही. मी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, तेव्हा केंद्राने तडजोड म्हणून मोफत फेशियल देऊ केले, तेही भाजलेल्या चेहऱ्यावर. मग जिल्हा आयोगाकडे गेले. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे शुल्क नाही, आपण राहतो त्या जिल्ह्यातही दाखल करता येते आणि मुदत दोन वर्षांची असते. माझ्या बिलावर केवळ 'ब्यूटी सर्व्हिस' लिहिलेले आहे. 'लेझर' आणि 'कायमचे' हे दोन्ही शब्द त्यांच्या व्हॉट्सअॅप संदेशात सापडले म्हणून माझी बाजू उभी राहिली. दुसऱ्या दिवशी डागांशेजारी मोजपट्टी ठेवून काढलेले फोटोही जोडले आहेत.

वित्त कंपनी म्हणते की वाद तुमचा आणि केंद्राचा आहे. रिझर्व्ह बँकेच्या नियमांप्रमाणे अशा डिजिटल कर्जातून सुरुवातीच्या काही दिवसांत मुद्दल आणि तेवढ्या दिवसांचा कर्जखर्च भरून दंडाशिवाय बाहेर पडता येते, हे मला दुसरा हप्ता गेल्यावर समजले. सिबिल, म्हणजे कर्जफेडीची पत, बिघडू नये म्हणून दर महिन्याच्या ५ तारखेला पैसे कापले जाऊ देते; आणखी तीन हप्ते उरले आहेत. पाचांपैकी तीन चौकोन पुसट झाले आहेत. शनिवारी मी पुन्हा थ्रेडिंगला जाते, आणि डावीकडच्या दोन चौकोनांपाशी आल्यावर पार्लरच्या ताई अजून दोरा सैल धरतात.