नाण्याचे जुने मालक शोधायला हायडेलबर्गचा मोफत कॅटलॉग-संग्रह: कुणाला उपयोगी, कुणाला नाही

हातात प्राचीन ग्रीक चांदीचं किंवा सोन्याचं नाणं असेल आणि ते १९४५च्या आधी कुणाकडे होतं हे शोधायचं असेल, तर जर्मनीतल्या हायडेलबर्ग विद्यापीठाच्या ग्रंथालयाचा जुन्या लिलाव-कॅटलॉगांचा डिजिटल संग्रह आधी उघडावा. फुकटात याहून चांगलं काही सापडणं कठीण. नाणं साधं, झिजलेलं रोमन तांब्याचं असेल तर मात्र इथे वेळ घालवू नका. तसली नाणी तेव्हा गठ्ठ्याने एका ओळीत विकली जायची, त्यांचा फोटो कोण छापणार!

'जर्मन सेल्स' या प्रकल्पातून १९०१ ते १९४५ दरम्यानचे जर्मन भाषक देशांतले लिलाव-कॅटलॉग स्कॅन झाले. मूळ हेतू नाझी काळात लुटलेल्या कलावस्तूंचा माग काढण्याचा होता. नाण्यांचे कॅटलॉग त्याच ओघात आले. म्युनिकचे नाणे-व्यापारी याकोब हिर्श यांनी १९०५मध्ये विकलेला ऱ्हूसोपुलोस संग्रह, म्हणजे हिर्श लिलाव क्रमांक १३, हा तिथला ठळक नमुना. पानं मोठी करून बघता येतात, अख्ख्या कॅटलॉगची पीडीएफ उतरवता येते, प्रत्येक पानाला कायमचा दुवा असतो. नोंदणी लागत नाही.

खरी अडचण शोधाची. शोधखिडकी छापील शब्द शोधते, चित्र नाही. त्यामुळे शहराचं नाव जर्मन वळणानेच टाकावं लागतं आणि स्कॅनमधल्या अक्षरओळखीच्या चुकांमुळे तेही अनेकदा हुकतं. सरळ प्लेटांकडे, म्हणजे नाण्यांच्या फोटोंच्या पानांकडे जा. प्लेटा बहुतेक शेवटी असतात आणि त्यांवरची नाणी लॉटच्या (लिलावातल्या प्रत्येक नगाच्या) क्रमाने लावलेली असतात. ग्रीक लॉटांचा क्रमही ठरलेला: स्पेनपासून सुरुवात, मग गॉल, इटली, सिसिली, पुढे मॅसिडोनिया, ग्रीस, आशिया मायनर आणि शेवटी इजिप्त-आफ्रिका. हा क्रम डोक्यात बसला की सिसिलीतल्या सिराक्यूजचं नाणं कुठल्या प्लेटांवर असेल याचा अंदाज दोन मिनिटांत येतो.

त्याआधी 'एसीसर्च' या संकेतस्थळावर एक फेरी मारा. अलीकडच्या लिलावांचे फोटो आणि वर्णनं तिथे मोफत दिसतात, विक्रीची किंमत तेवढी वर्गणीदारांना. हेच नाणं तिथे सापडलं तर वर्णनात आधीच्या लिलावाचा उल्लेख असू शकतो आणि निम्मं काम वाचतं.

प्लेट जुळवताना सगळ्यात जास्त घोटाळा होतो तो ठशामुळे, म्हणजे नाणं पाडायच्या कोरीव साच्यामुळे. एका ठशातून असंख्य नाणी पडतात, म्हणून चेहरा, केसांच्या बटा, अक्षरांची ठेवण जुळली तर फक्त ठसा जुळला. ठशाला गेलेला तडासुद्धा पुढच्या प्रत्येक नाण्यावर उंचवटा होऊन उमटतो, त्याच्या भरवशावर राहू नका. त्या एकाच नाण्याची ओळख चकतीत, म्हणजे ज्यावर छाप मारली त्या धातूच्या तुकड्यात असते: काठाचा आकार, काठाला गेलेली चीर, छाप किती सरकली आहे, कुठलं अक्षर काठाबाहेर गेलं आहे, खोल ओरखडा. दोन्ही बाजूंवर मिळून अशा चार-पाच खुणा जुळायला हव्यात.

त्यातही जुन्या प्लेटांवर बहुधा खुद्द नाण्याचा फोटो नसतो, प्लास्टरच्या प्रतिकृतीचा असतो. त्यामुळे रंग, डाग, चांदीवरची काळसर छटा काहीच दिसत नाही. प्लास्टरमधल्या हवेच्या बुडबुड्याने नसलेला खड्डा किंवा फोड दिसतो आणि प्रतिकृतीची कड तासताना काठाची बारीक चीर उडून जाऊ शकते. म्हणून एका काठाच्या फरकावरून नाणं बाद करू नका आणि एकाच खुणेवरून पक्कंही करू नका.

वजन पडताळा, पण थोडी सूट ठेवून. नंतरच्या साफसफाईत वजन किंचित घटलेलं असू शकतं, वाढलेलं मात्र पटत नाही. लंडनच्या जुन्या कॅटलॉगांत वजन ग्रेनमध्ये असतं. एक ग्रेन म्हणजे ०.०६४८ ग्रॅम, तेव्हा २६५ ग्रेन हे १७.१७ ग्रॅम होतात.

मुखपृष्ठावरचं नाव वाचून हुरळून जाऊ नये. एका लिलावात अनेकांचा माल असायचा, त्यामुळे प्रस्तावना आणि विभागांचे मथळे वाचल्याशिवाय लॉट त्या संग्राहकाचाच होता असं म्हणता येत नाही. १९३३ ते १९४५मधली विक्री निघाली तर ती सक्तीची होती का, हेही तपासलंच पाहिजे. काही स्कॅन प्रतींत समासात हाताने लिहिलेले भाव, क्वचित घेणाऱ्याचं नावही मिळतं. मालकीची पुढची कडी तिथूनच लागते, म्हणून समास चुकवू नका.

१९४५ नंतरच्या कॅटलॉगांसाठी हा संग्रह पुरत नाही. तिथे नाणकशास्त्राचं ग्रंथालय गाठा, नाहीतर फोटो जुळवून देणारी सशुल्क सेवा घ्या. सांस्कृतिक वस्तूंच्या बेकायदा व्यापाराविरुद्धच्या १९७०च्या युनेस्को कराराआधीचा पुरावा एवढंच हवं असेल, तर १९२८ची एक पक्की जुळणीही पुरेशी भक्कम असते, मधली वर्षं रिकामी राहिली तरी.

नोंद करताना लिलावगृह, लिलावाचा क्रमांक, तारीख, लॉट, प्लेट, छापलेलं वजन आणि पानाचा दुवा सगळं लिहा, आणि जुळणी प्लेटवरून केली की नाण्यासोबत आलेल्या जुन्या माहिती-चिठ्ठीवरून, हेही वेगळं नमूद करा. चिठ्ठ्या पाकिटांतून अदलाबदल होतात, प्लेटवरचं चित्र तसं बदलत नाही.